वरची फेरी

दहा हजार मीटर म्हणजे मैदानाच्या पंचवीस फेऱ्या. किशोरीच्या सरावाला तिची आई ठमाबाई पनवेलच्या बाजारात मासळी विकून थेट मैदानावर यायची, रिकामी पाटी शेजारी ठेवून फेऱ्या मोजायची. पंचवीस झाल्या तरी लेकीला थांबू द्यायची नाही.

"गिऱ्हाईकाला बोंबील मोजून दिलं का एक वर टाकतंच ना मी? पल अजून एक!"

पंधरा दिवसांपूर्वी ठमाबाई गेली.

आज विद्यापीठाच्या स्पर्धेत किशोरी सलग तिसऱ्या वर्षी पहिली आली. रेषा ओलांडली, तरी ती पळतच राहिली.

"किशोरी, थांब! पंचवीस झाल्या!" सर ओरडले.

"ठाव हाय, सर," ती न थांबता म्हणाली. "आयची एक रायली."