बंद वॉर्डातली जागा

"नाही म्हणजे नाही," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी धाकटीचा अर्ज टेबलावरून परत सरकवला.

धाकटीने तो पुन्हा पुढे सरकवला.

मानसशास्त्र विभागात असं कुणी करत नसे. इंटर्नशिपच्या जागा वाटणाऱ्या या मॅडमना विद्यार्थी पाठीमागे 'कात्री' म्हणत, आणि कात्रीने कापलेलं शिवायला कुणी जात नसे. पण धाकटी घरातलं शेंडेफळ. हट्ट करतच मोठी झालेली. मैत्रिणींनी घरचं नाव उचललं आणि तेच इथेही चिकटलं.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी ती विभागाच्याच उपचार केंद्रात शिकाऊ म्हणून बसली. समोर माणूस, बाजूला पलीकडून आरपार दिसणारा आरसा आणि आरशाआड बघत बसलेली कात्री. पुढे आठवड्यातून दोन दिवस शाळा, मग दवाखान्याची ओपीडी. सगळीकडून चांगले शेरे आले. आता उरलं होतं शेवटचं, पूर्णवेळ वर्ष. ते तिला मनोरुग्णालयाच्या बंद वॉर्डातच करायचं होतं.

"कॉलेजच्या समुपदेशन केंद्रात जागा आहे," मॅडम म्हणाल्या. "स्वतंत्र खोली, खिडकी, सगळं. तिथे जा."

"मला खिडकी नको. वॉर्ड हवाय."

"तू तिथे रुग्ण होतीस."

"होते. अठराव्या वर्षी. मीच सांगितलं ना तुम्हाला? गप्प बसले असते तर एव्हाना जागा मिळाली असती."

गप्प बसायचा सल्ला आईचा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती सकाळीसुद्धा दारात उभी राहून म्हणाली होती. धाकटीला त्या सव्वा लाखाचा मनापासून वीट आला होता.

मॅडमनी पेन टेबलाच्या कडेला अगदी सरळ लावून ठेवलं. त्यांना सगळं जागच्या जागी लागे. दर वर्षी त्या प्रत्येक प्रशिक्षणाच्या जागी स्वतः जात, कपाटं उघडून बघत, शिकाऊंची झोप उडवत. मनोरुग्णालयाला मात्र मदतनीसाला पाठवत. लांब पडतं, म्हणत.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "तिथल्या नर्स जुन्या आहेत. कुणीतरी ओळखणार. एकदा ओळखलं की संपलं. मग तू कितीही शीक, तू डॉक्टर नसतेस. तू त्या खाटेवरची मुलगी असतेस. जन्मभर."

"तुम्हाला काय माहीत?"

"अशी माणसं पाहिलीत मी."

"आरशाआडून!" धाकटीचा आवाज चढला. "तिथे काय असतं ते आरशाआडून नाही कळत, मॅडम. गोळी गिळली की नर्ससमोर तोंड उघडायचं. जीभ वर करून दाखवायची, गोळी लपवली नाही ना म्हणून. घरी आल्यावर एकदा साध्या तापाची गोळी घेतली आणि आईसमोर आ वासून उभी राहिले. आई भिंतीकडे तोंड करून रडली. आहे का हे तुमच्या पुस्तकात?"

"नसेल," मॅडम म्हणाल्या. "पण इथे कुणी स्वतःचं उट्टं काढायला येत नाही."

"उट्टं कुणाला काढायचंय? तिथे एक शिकाऊ बाई यायची. दाराच्या काचेतून आत बघायची, उंबऱ्यावरून प्रश्न विचारायची, लिहून घ्यायची, जायची. एकदाही आत येऊन बसली नाही. मी रोज वाट बघायचे. आज बसेल, उद्या बसेल. मला आत जाऊन बसायचंय. बस्स."

मॅडमनी अर्ज पुन्हा तिच्याकडे सरकवला.

"नाही म्हणायचं असेल तर कारण लिहून द्या," धाकटी म्हणाली. "ही मुलगी एके काळी आजारी होती, एवढंच लिहा. मी ते विभागाच्या दारावर लावते."

"तोंड सांभाळ."

"सांभाळलं बरीच वर्षं."

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी मोठ्याने हसलं. मॅडमनी सरळ ठेवलेलं पेन पुन्हा सरळ केलं.

"आणि ओळखलं तर?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता. "सगळ्यांसमोर, भर वॉर्डात, कुणी नावाने हाक मारली तर काय करशील?"

"म्हणेन, हो, मीच ती. बरी झाले. आता बोला."

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी अर्ज ओढला आणि सही केली.

"सोमवारी हजर हो," त्या म्हणाल्या. "आणि दारात उभी राहू नकोस. आत जाऊन बस."

कंबर कसून भांडायला यावं आणि समोरच्याने वाट सोडावी, तसं धाकटीचं झालं. आभार कसे मानायचे तेच तिला सुचेना. एवढं बोलून घेतलं होतं, त्याची आता थोडी लाजही वाटत होती.

"जा आता. माझ्या गोळीची वेळ झाली."

मॅडमना रक्तदाब होता, हे सगळ्या विभागाला माहीत होतं. त्यात नवीन काही नव्हतं. धाकटीने पिशवी उचलली. दारापाशी गेल्यावर तिला आठवलं, तिथे कुणाला भेटायचं ते विचारायचं राहिलंच. ती वळली.

मॅडमनी गोळी जिभेवर ठेवली, वर पाणी घेतलं, ग्लास खाली ठेवला. मग सरळ धाकटीकडे बघत त्यांनी तोंड उघडलं आणि जीभ वर उचलून दाखवली.