कढीपत्त्यावरचा कोष

"आई, इथून हललीस ना, तर सगळं बोंबललं म्हणून समज!" हर्षालीनं शिवरंजनीला खुर्चीत दाबूनच बसवलं.

परसात दोन हातांवर कढीपत्त्याच्या फांदीला कोष लटकत होता. बोटाच्या पेराएवढा, वाळक्या पानासारखा. पानांच्या सावलीत तो धड दिसतही नव्हता. त्याच्यासमोर विटा रचून मोबाइल टेकवलेला.

"आज फुटणार बघ. फुलपाखरू बाहेर आलं की हे गोल बटण दाबायचं. तवर जवळ जायचं न्हाय."

"अगं हर्षे, पण लॉजवर..."

"केलाय फोन. आईला ताप आहे म्हणलं. आज तुझा खाडा."

शिवरंजनी पुन्हा खुर्चीतून उठू लागली. तुळजापुरातल्या त्या लॉजच्या स्वयंपाकघरात नवरात्रापासून तिनं एक दिवस चुकवला नव्हता. पहाटे चारला उठायचं, दोनशे भाकरी थापायच्या, घरी येऊन पुन्हा गॅससमोर. परवा तव्यापाशी डोळ्यांपुढं अंधारी आली, तर भिंतीला टेकून तिनं उरलेल्या भाकरी उरकल्या होत्या.

पण सोमवारी तालुक्याला विज्ञान प्रदर्शन होतं. अंडं, अळी, कोष, सगळे फोटो पोरीनं स्वतः काढलेले. शेवटचा तेवढा राहिलाय म्हणत होती, अन् आज तिचा गणिताचा पेपर. शिवरंजनी पोरीच्या एकाही कार्यक्रमाला कधी पोचली नव्हती. एवढं तरी तिच्याकडून व्हायलाच हवं होतं.

"आज्जी, आईला कुणी हाक मारायची न्हाय," हर्षालीनं दप्तर अडकवत फर्मावलं. "चहा न्हाय, पाणी न्हाय, माझा चष्मा कुठंय न्हाय!"

"व्हय गं कलेक्टरीणबाई," दारातून सासूबाई, मथुराबाई म्हणाल्या. "अन् मला शिंक आली तर?"

"पदर लावून शिंका!"

पोरगी उड्या मारत गेली. परसात सामसूम झाली.

शिवरंजनी डोळे ताणून बघत राहिली. एक चतुर आला, कपड्यांच्या तारेवर टेकला, गेला. मुंग्या खोडावरून वर चढत होत्या, खाली उतरत होत्या. कोष हलत नव्हता. असं नुसतं बसून तिला किती महिने झाले होते कुणास ठाऊक. गुडघ्यातली ठणक हळूहळू उतरली. तिनं दंडाला चिमटा काढला. पुन्हा काढला. मग म्हटलं, एकदाच मिटून उघडू डोळे.

उघडले तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. तारेवर कुणीतरी चादर टाकली होती, म्हणून तोंडावर ऊन नव्हतं.

ती धडपडत उठली, फांदीपाशी गेली. कोष वरून चिरलेला. आत काही नाही. श्वासानंही डुलत होता.

"बया!" ती मटकन खाली बसली. एवढं एक काम सांगितलं होतं पोरीनं. तेही झोपेत घालवलं. आता तिला तोंड कसं दाखवायचं?

निदान आधीचे फोटो तरी चांगले आहेत का बघावं, म्हणून तिनं मोबाइल उचलला. पदरानं डोळे पुसत एकेक फोटो सरकवला. अंडं. अळी. कोष.

आणि चौथा. चिरलेल्या कोषाला धरून ओले पंख वाळवत बसलेलं काळं-पिवळं फुलपाखरू. वर तारीख होती गेल्या रविवारची.