मागल्या दारच्या दोन बाटल्या

"सांगून कुणाला खरं वाटणार नाही, वहिनी," मागल्या दारच्या पायरीवर ऐसपैस बसत हरिहर म्हणाला, "पण महिना झाला, धान्याचा कण पोटात नाही. रोज एकादशी! आमच्या न्हाणीघरातल्या मुंग्यांनी कंटाळून बिऱ्हाड हलवलं. रांगेनं मोशीकडं निघालेल्या मी स्वतः पाहिल्या."

सुमेधा खळखळून हसली. तिच्या नवऱ्याच्या, प्रभाकरच्या पोटात दुखलं. हे दुखणं साखरेचं नव्हतं.

प्रभाकर आणि हरिहर एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला. साखरही दोघांना एकाच महिन्यात निघाली. डॉक्टरांनी भात-पोळी तोडली, गोड बंद केलं. दुधी, मेथी आणि ताकावर प्रभाकर वाळून निगडीच्या बसथांब्याचा खांब झाला. हरिहरचे गाल मात्र वर आले. वर सुमेधा रोज ऐकवायची, "बघा जरा हरिहरभावजींकडे! पथ्यावर माणूस कसा तुकतुकीत दिसतो!"

आज दोघांची लघवी एकदमच तपासायची होती; नावाच्या चिठ्ठ्या बांधलेल्या दोघांच्या बाटल्या पायरीवर तयार होत्या. नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर नसली तर निळं राहतं, भरपूर असली तर विटेसारखं लाल होतं. प्रभाकरचं गेल्या रविवारी नारिंगी झालं होतं. आज हरिहरच्या देखत पुन्हा नारिंगी?

सुमेधा काडेपेटी आणायला आत गेली. हरिहर नळावर हात धुवायला वळला. तेवढ्यात प्रभाकरनं दोन्ही बाटल्यांच्या गळ्यातल्या नावाच्या चिठ्ठ्या बदलून टाकल्या.

हरिहरच्या नावाची नळी उकळली. निळीशार.

प्रभाकरच्या नावाची उकळली. लालभडक वीट.

"पाहिलंत!" हरिहरनं मांडीवर थाप मारली. "आमच्या बायकोच्या, पद्माच्या हातची साबुदाण्याची खिचडी, वर रताळ्याचा कीस. दोन्ही वेळा ताट भरून! धान्यच नाही, तर साखर कुठली?"

प्रभाकर लाल नळीकडं बघतच राहिला. खरं बोलावं तर बिंग फुटणार. सुमेधा त्याच्याकडं एकटक पाहत होती.

"खाल्ली," तो खालमानेनं म्हणाला. "काल देहूरोडच्या हॉटेलात. जिलबी. चांगली अर्धा किलो."

"साफ खोटं!" सुमेधा म्हणाली. "परवा लाडवाच्या डब्याला लावलेला हात तुम्ही मागं घेतलात. मी दारातून पाहिलंय. आणि मघाशी काडेपेटी घेऊन येतानाही पाहिलं. चिठ्ठ्या कशाला बदलल्यात हो? निळी तुमचीच होती!"