फुकटचा आठवडा

एसटीची फेरी बंद झाली तर अख्ख्या वाडीचं तालुक्याला जाणं-येणं आपल्याच जीपवर येणार, हा हिशेब रंगरावानं मनात पक्का केला होता. लॉकडाऊन उठून कॉलेजं उघडली, तशी डेपोनं सकाळची गाडी आठवडाभर चालवून बघायची ठरवली. माणसं दिसली तरच पुढं चालू.

तो आठवडा रंगरावानं जीप फुकट केली. "रोगराईत तेवढीच सेवा," असं पारावर सांगत त्यानं म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही हाताला धरून आत बसवलं. मागून एसटी रिकामी खडखडत जायची.

"आप्पा, माझा पास आहे. मी तरी एसटीनं जाते," त्याची कॉलेजात जाणारी पोरगी प्रणाली म्हणाली.

"गप बस पुढं. तुला एकटीला बघूनसुद्धा चालू ठेवतील ते."

गाडी बंद झाली आणि रंगरावानं भाडं दुप्पट केलं. लोकांनी वर्षभर कुरकुरत दिलं, मग घरटी एकेक जुनी मोटारसायकल आणली. "बसा की मागं, रंगराव," म्हणून पोरं त्यालाच चिडवू लागली. हप्ते थकले, फायनान्सवाल्यांनी जीप ओढून नेली.

उरली प्रणाली. कुणाच्या पोरामागं मोटारसायकलवर बसलेली बापाला चालेना आणि पायी जाण्याएवढं कॉलेज जवळ नव्हतं. "शिकून तरी काय करायचंय," म्हणत त्यानं तिचं लग्न उरकलं.

तिच्या सासरच्या दारावरून तासातासाला एसटी जाते. शेणाची पाटी डोक्यावर घेऊन ती आत बसलेल्या कॉलेजच्या पोरींकडं बघते. त्या आठवड्यात फुकट गेली सगळी वाडी. भाडं तेवढं हिनं एकटीनं भरलं.