एवेलिओचा हट्ट

क्युबातल्या आमच्या गावी, बागेत, रोज सकाळी यामिल्का आम्हा म्हाताऱ्यांना तोल सांभाळायला शिकवते. "डावा... उजवा... पडू नका हं, आजोबा!"

एवेलिओ रोज तिच्या मागे लागायचा, "पोरी, खांद्यावर वजन घेऊन चालायला शिकव की!"

"हातातली काठी सुटेना, आणि हमाली कसली करताय?" ती हसायची. आम्हाला मात्र हसू यायचं नाही.

काल एवेलिओच गेला. त्याची दोन्ही मुलं मायामीत. गावातली बाकी तरणी पोरंही केव्हाच देश सोडून गेलेली. शेवटी काठ्या बाजूला ठेवून आम्ही सहा म्हाताऱ्यांनीच खांदा दिला.

 

दफनभूमीपर्यंत शवपेटी एकदाही डगमगली नाही. यामिल्का शेजारून डोळे पुसत चालली होती, "डावा... उजवा... डावा... उजवा..."