शंभरातले तीस

शेठ शंभर हरला की लेखकाला तीस मिळत. शेठ जिंकला तर काहीच नाही. सौदा सरळ होता, आणि शेठ सहसा जिंकत नसे.

शेठ हे नाव लेखकाच्या बायकोने ठेवलेलं. खरं नाव, वय, ठावठिकाणा, कशाचाच पत्ता नव्हता. लेखक पोकर आणि कसिनोवर लिहायचा. पत्ते कधी धरावेत, कधी टाकावेत, कुठली साइट बक्षीस मोठं लावते, कुठली पैसे देताना कुरकुरते. स्वतः मात्र एक डाव खेळलेला नव्हता. शब्दांवर मिळणारं मानधन किराण्यालाही पुरत नसे, आणि तेही दहादा मागावं लागे. खरी कमाई लेखाच्या तळाशी होती. तिथल्या लिंकवरून जो खेळायला जाईल, तो कायमचा लेखकाच्या नावावर. तो हरेल त्यातले तीस टक्के लेखकाचे, बाकीचे साइटचे.

लिंकवरून बरेच जण गेले आणि थोडं पोळून शहाणे झाले. टिकला तो शेठ. भाड्याची तारीख जवळ आली की शेठ हमखास बसायचा आणि हमखास हरायचा.

"तुमच्या शेठना माझा नमस्कार सांगा," वीजबिल भरलं की बायको म्हणायची. हसायची, मग हसू मावळायचं. "त्यांच्या घरी कोण कोण असेल हो?"

"असेल कुणी गडगंज. गंमत म्हणून खेळत असेल."

"गंमत म्हणून इतकं कुणी हरतं?"

यावर तो पंखा वाढवायचा.

त्याला वडिलांना दाखवून द्यायचं होतं. वडील बुकबाइंडर. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं शिवली, चिकटवली. मुलगा लिहू लागला तेव्हा त्यांनी उंची कापड आणून ठेवलं होतं, घरच्या पुस्तकाला म्हणून. मुलगा काय लिहितो ते कळल्यावर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "याला लिहिणं म्हणतात? गळाला आमिष लावतोयस तू!"

तो तडक निघाला तो परत फिरकला नाही. मग धाकट्या बहिणीच्या हाती वडील पाकीट पाठवू लागले. दर वेळी त्याने ते न उघडता परत केलं.

"सांग त्यांना, माझं घर माझी लेखणी चालवते."

"कशी चालवते, तेही सांगू?" बहीण वैतागून म्हणाली.

त्याने तिला तीस टक्क्यांचं गणित ऐटीत समजावलं.

"मला ओ की ठो कळलं नाही, दादा. लिंक का काय ती पाठवून दे, बघते."

त्याने पाठवली. पाकिटं यायची थांबली. म्हातारा हरला, असं लेखकाच्या मनात आलं, आणि त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

एकदा साइटच्या मॅनेजर बाईंचा फोन आला. "तुमचा माणूस अजब आहे हां. जिंकला तर उठत नाही. जिंकलेलं सगळं पुन्हा लावतो, थेट हरेपर्यंत. हरला की लगेच बंद."

"नाद लागलाय."

"लागू दे की. तुमचंही भलं, आमचंही भलं."

आणि एका महिन्यात शेठ आलाच नाही. पुढच्याही महिन्यात नाही. भाडं थकलं; पण लेखकाला भाड्याची आठवण नव्हती. या धंद्यातल्या बातम्या त्याने पुष्कळ वाचल्या होत्या. कर्जात बुडालेली माणसं, बंद खोल्या, पंख्याला लटकलेले देह. त्याने मॅनेजर बाईंना फोन केला.

"खातं रिकामं आहे," त्या म्हणाल्या. "रिकाम्या खात्यांची विचारपूस आम्ही करत नाही."

"पत्ता तरी द्या. नाहीतर पोलिसांत जातो."

"जा. काय सांगणार? माझं गिऱ्हाईक हरायचं थांबलं?"

त्याची झोप उडाली. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, बाबांकडे जाऊन या. शिव्या खाल, पण मोकळे तरी व्हाल."

दुकानाच्या जागी किल्ल्या करून देणारा बसला होता. लेखक बहिणीकडे गेला. दार उघडून ती बाजूला झाली. "डोळे अधू झालेत त्यांचे," ती म्हणाली, त्याच्याकडे न बघता. "आत आहेत."

मागच्या खोलीत वडील खाटेवर बसले होते. मांडीवर जुनं वर्तमानपत्र, आणि नखाने ते त्याची घडी दाबत होते. वाटेत जुळवलेली वाक्यं लेखक विसरला. तो खाली फरशीवरच बसला.

"बाबा, तुमचंच खरं होतं. एक माणूस लागला माझ्या गळाला. त्याच्या हरण्यावर मी घर चालवलं. आता तो कुठे दिसत नाही. त्याने जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं असलं तर..."

वडिलांनी त्याला रडू दिलं. मग खरखरीत तळवा त्याच्या पाठीवर ठेवला.

"काही करून घेतलेलं नाही त्याने."

"तुम्हाला काय माहीत?"

वडिलांनी दाराकडे पाहिलं. दारातल्या बहिणीने तोंड फिरवलं.

"विकण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून थांबलो," ते हळूच म्हणाले. "माझ्या हातून घेतले असतेस, तर त्या लोकांना सत्तर द्यावे लागले नसते रे."