उसना कोट

कबरी खणणारा पुना कुदळ घेऊन दारात उभा होता. खड्डा कुठं खणायचा, एवढंच त्याला विचारायचं होतं. कबरस्तानात आत, की कुंपणाला?

हिलालभाऊंनी मान वर केली नाही. ते गावच्या ख्रिस्ती मंडळीचे थोरले पंच. त्यांचा एकुलता एक योना काल तिन्हीसांजेला धरणगावहून दारू ढोसून मोटारसायकलवर निघाला आणि गावाच्या तोंडाशी कापसाच्या गाठींच्या ट्रकखाली सापडला. आता सरकारी दवाखान्यातून आणलेली त्याची शवपेटी पडवीत होती. पेटी बंद होती, तरी दारूचा वास अजून घरात आहे असं भाऊंना वाटत होतं.

कबरस्तानाचा नियम भाऊंनीच घातलेला. जो पापात मेला, त्याच्यासाठी चर्चची घंटा वाजायची नाही, पाळकांनी प्रार्थना म्हणायची नाही, आणि जागा मिळायची ती बाभळीच्या कुंपणाला, जिथं शेळ्या चरतात. सवलत एकच. मरताना त्यानं प्रभूचं नाव घेऊन क्षमा मागितली असेल आणि ते ऐकणारं कुणी असेल, तर आत. नियम करताना भाऊंना आपल्या घराची आठवणही झाली नव्हती. कशाला होईल?

त्या नियमानं आजवर कुंपणाला एकच जण गेला होता, यशोदाबाईचा वना. ठरलेलं लग्न मोडलं आणि पोरगं कापसावर मारायचं औषध प्यालं. बैलगाडीतून दवाखान्यात नेताना आईच्या मांडीवरच गेलं. "विष पिणाऱ्याचा निवाडा आपण काय करायचा? त्याचा त्यानंच करून घेतला," असं भाऊ चर्चच्या दारातच बोलले आणि घरी जेवायला गेले. यशोदाबाई पायरीवर बसून होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

आणि हेच भाऊ, पाळक गावाला गेले की उपदेशाला उभे राहत! त्यांचा विषय ठरलेला असे, देवाचं नीतिमत्त्व. मंडळीत एक काळा कोट होता, मिशनचा साहेब जाताना ठेवून गेलेला. गरिबाघरचा प्रत्येक नवरदेव तोच घालून लग्नाला उभा राहायचा. भाऊ गरजायचे, "अरे, कोट काय तुमच्या बापाचा होता? तरी ऐटीत उभे राहिलात ना? देवासमोर तसंच आहे. आपलं कापड फाटकं. दुसऱ्याचं नीतिमत्त्व अंगावर घातलं, तरच तिथं उभं राहता येतं." लोक हसायचे, माना डोलवायचे. भाऊंना मात्र मनातून वाटायचं, आपलं कापड काही इतकं फाटकं नाही.

"तुमना नियम तुमनाजोडे ठेवा," आतून प्रमिलाबाई ओरडली. काल रात्रीपासून तिनं नवऱ्याशी बोललेलं हे पहिलंच वाक्य. "मना योना कुंपनले जावाव नही!"

पाळक हळूच म्हणाले, "भाऊ, शेवटी त्याच्याजवळ कोण होतं?"

कोण असणार? गावाच्या तोंडाशी पहिलं घर यशोदाबाईचं. आवाज ऐकून तीच पाण्याचा तांब्या घेऊन धावली होती. जीव जाईपर्यंत योनाचं डोकं तिच्याच मांडीवर होतं.

तिला बोलावणं गेलं. सगळे पंच अंगणात जमलेले. ती आली, पदर सावरून पेटीशी उभी राहिली. आता ही बाई सूड उगवणार, आणि उगवला तर तिचं काय चुकलं, असं भाऊंच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच किळस वाटली.

"बाई, योना जाताना काही बोलला का?" पाळकांनी विचारलं.

यशोदाबाईनं आधी प्रमिलाबाईकडं पाहिलं. मग भाऊंकडं पाहिलं.

"बोलना," ती म्हणाली. "'प्रभू, मी चुकनू, माले पदरमा ले,' आसं म्हने."

भाऊंनी हंबरडा फोडला. पुना कुदळ खांद्यावर टाकून कबरस्तानाकडं पळाला. घंटा वाजली. योना आत गेला, आजीच्या कबरीशेजारी. पाळकांनी लांबलचक प्रार्थना केली. सगळे परतले तेव्हा यशोदाबाई कुंपणाशी एकटीच बाभळीचे काटे बाजूला सारत होती.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर भाऊ तिच्या घरी गेले. ती भाकरी थापत होती. भाऊ उंबऱ्याशीच बसले. आभार मानायला आले होते, पण मनात काहीतरी सलत होतं. योनानं घरात प्रभूचं नाव कधी घेतलंच तर शिवी दिल्यासारखं घ्यायचा. त्याच्या तोंडी ते शब्द बसत नव्हते.

"यशोदाबाई, खरं सांग," भाऊ म्हणाले. "तो बोलना का?"

ती भाकरी थापायची थांबली नाही.

"नही भाऊ. त्यानी शुद्धच नव्हती."

"मंग ते शबद?"

"ते मना वनाना. बैलगाडीमा बोलना व्हता. तवय माले कोनी इचारंच नही. तसाच पडेल व्हतात मनाजोडे." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तुमना पोऱ्याना आंगवर घाली दिधात."